यादीप्रमाणे चार्ज मिळाला

ग्रामसेवकाची बदली झाली की एक कागद तयार होतो. वर गावाचे नाव, मध्ये दप्तराची यादी, खाली दोन सह्या. सह्यांच्या डोक्यावर ठरलेले वाक्य असते: ‘यादीप्रमाणे चार्ज दिला’ आणि ‘यादीप्रमाणे चार्ज मिळाला’. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या पंचायत समितीत काय, मलकापूर-खामगावला काय, राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी हे वाक्य सारखेच. यादीत नेमके काय होते आणि त्यातले हातात काय पडले, हे दोन वर्षांनी कुणी विचारले की मात्र एकाला आठवत नाही आणि दुसरा जिल्ह्याबाहेर गेलेला असतो.

खरे तर यादी लहान नसते. ग्रामपंचायतीच्या लेखा संहितेत, म्हणजे 2011 सालच्या नियमांत, 1 ते 33 असे नमुने आहेत. नमुना 5 ही रोकड वही, 8 ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही, 9 कर मागणीची, 10 कराच्या पावतीचा. जड वस्तू 16 मध्ये, इमारती 22 मध्ये, रस्ते 23 मध्ये, जमिनी 24 मध्ये, आणि झाडे सगळ्यात शेवटी 33 मध्ये. शिवाय ग्रामसभेचे आणि मासिक सभेचे प्रोसिडिंग, बँकेची पासबुके, चेकबुके, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तके, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, जन्म-मृत्यूची रजिस्टरे. यातली एक वही कमी पडली तरी गावाच्या कारभाराला भोक पडते. कोऱ्या पावती पुस्तकाचे तर विचारूच नये. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती वसुली.

असे असूनही चार्ज देणे-घेणे हा दोन कर्मचाऱ्यांमधला घरगुती व्यवहार समजला जातो. ‘घ्या समजून, बाकीचे नंतर पाठवतो’ एवढ्यावर भागते. दप्तर वेळेवर न देणाऱ्याबद्दल बोंब होते, नोटिसा निघतात, क्वचित गुन्हाही दाखल होतो. पण दप्तर न पाहता सही ठोकणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. या रोगाचे मूळ देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या सहीत जास्त आहे. त्याने कागद मोजून घेतले असते आणि जे मिळाले नाही ते यादीवर लाल शाईने लिहिले असते, तर मागच्याला पळायला जागाच उरली नसती.

याची झळ नव्या ग्रामसेवकाला बसत नाही. त्याचा पगार सुरूच असतो. झळ बसते ती तिसऱ्याच माणसाला, आणि नांदुरा तालुक्यात हा तिसरा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

याच तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प उभा राहतो आहे. खारपाणपट्ट्याला पाणी देऊ पाहणारे हे धरण नव्वदच्या दशकात मंजूर झाले आणि त्याच्यासाठी कितीतरी गावांना आपली जागा सोडावी लागते. शेतीचे एक बरे असते. सातबारा आहे, आठ-अ आहे, संयुक्त मोजणी होते, निवाडा होतो. घराचे काय? गावठाणातल्या घराची मालकी बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरच उभी असते. बाप वारला, दोघे भाऊ मधे भिंत घालून वेगळे राहिले, धाकट्याचे नाव लावण्याचा ठराव कुठल्याशा मासिक सभेत झाला. आता मोबदल्याच्या वेळी वही उघडली तर मालक म्हणून अजून बापच. ठराव ज्या प्रोसिडिंगमध्ये आहे ते प्रोसिडिंग तीन ग्रामसेवकांपूर्वीच्या चार्जात. धाकट्याने सांगायचे तरी काय? घर त्याचे आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. भूसंपादन अधिकारी आळीला विचारून पैसे देत नाही, त्याला कागद लागतो. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना 2020 पासून आली खरी, पण त्या चौकशीतही जुन्या नोंदी लागतातच.

इथे कायद्याचा दुजाभाव उघडा दिसतो. जमीन द्यायची वेळ शेतकऱ्याची असते तेव्हा ‘ताबा’ हा शब्द फार जड होतो. नोटीस येते, तारीख ठरते, ताबा पावती होते, आणि खळखळ केलीच तर पोलीस बंदोबस्त येतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सरकारलाही उलट बांधले आहे. पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही आणि सिंचन प्रकल्प असेल तर पाणी येण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन संपवायचे. म्हणजे देणे दोन्ही बाजूंनी आहे. पण पुनर्वसित गावठाण तयार झाले तरी ते प्रकल्पाकडून जिल्हा परिषदेकडे ‘हस्तांतरित’ व्हावे लागते, आणि राज्यभरातल्या धरणग्रस्तांना हा टप्पा चांगलाच परिचयाचा आहे. नागरी सुविधा अर्ध्या आहेत म्हणून जिल्हा परिषद घेत नाही. आमचे काम संपले म्हणून पाटबंधारे खाते बघत नाही. पथदिव्याचे बिल कोणी भरायचे यावर पत्रव्यवहार चालतो आणि लोक अंधारात राहतात. शेतकऱ्याने घर खाली करायला लावलेल्या वेळापेक्षा दोन सरकारी खात्यांना एक गाव एकमेकांच्या हवाली करायला जास्त वेळ लागावा, याला काय म्हणावे?

कायदे नाहीत म्हणून हे होते, असे कोणी समजू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चे कलम 160 याच कामासाठी आहे. नवी समिती आणि नवा अध्यक्ष निवडून आला की मावळत्या अध्यक्षाने पदभार, संस्थेचे सगळे कागद आणि मालमत्ता नव्याच्या हवाली करायची. नाही केली तर निबंधक लेखी आदेश काढणार. तरीही नाही ऐकले तर महिनाभरापर्यंतची साधी कैद किंवा दंड, आणि दप्तर जप्त करून नव्या अध्यक्षाला देण्याचा मार्गही मोकळा. वक्फ कायद्याच्या कलम 68 मध्ये हटवलेल्या मुतवल्लीला हिशेब, दप्तर, रोकड आणि मालमत्ता पुढच्याला द्यायला एक महिन्याची मुदत आहे आणि न दिल्यास शिक्षा आहे. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तर सरकारी पैसा किंवा कागद अडवून बसलेल्या कर्मचाऱ्याला दिवाणी तुरुंगात धाडण्याची जुनी तरतूद आहे. त्यावर 2005 सालचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. सार्वजनिक अभिलेख बेकायदा हलवला किंवा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मालमत्तेचा अपहार निघाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 316(5) लागते, ज्याला लोक अजून जुन्या सवयीने ‘चारशे नऊ’ म्हणतात.

एवढी हत्यारे असताना दप्तर का मिळत नाही? कारण यातले जवळजवळ प्रत्येक हत्यार कोणीतरी तक्रार केल्यावरच म्यानातून निघते. सोसायटीचा नवा अध्यक्ष कलम 160 खाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जातो, तोवर जुना अध्यक्ष सांगतो, कागद गटसचिवाकडे आहेत. गटसचिव सांगतो, लेखापरीक्षकाकडे. लेखापरीक्षक म्हणतो, मी कधीच परत केले, पोच आहे. पोच कुणाच्या सहीची? त्या शिपायाला जाऊन वर्ष झाले. अर्थात दरवेळी कोणी चोरच असतो असे नाही. बऱ्याचदा आळस असतो, भीती असते, आणि आपल्या काळातली एखादी वही दुसऱ्याने उघडू नये ही अगदी माणसासारखी इच्छा असते. शिक्षा थोडी आहे म्हणून हे चालते, असेही म्हणता येत नाही. पाच वर्षांच्या कैदेची तरतूद असून ती पाहिलेला माणूस जिल्ह्यात सापडणे कठीण, मग महिन्याच्या कैदेला कोण विचारतो?

सेवा सोसायटीचे दप्तर म्हणजे नुसती जुनी रद्दी नव्हे. 2017 ची कर्जमाफी असो की 2019 ची, कोणाचे कर्ज कोणत्या तारखेला किती थकीत होते हे सोसायटीच्या आणि जिल्हा बँकेच्या वह्यांवरून ठरले. केंद्राने जून 2022 मध्ये देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण मंजूर केले, 2,516 कोटी रुपयांचे. संगणक खोलीत येऊन बसला तरी त्याला सुरुवातीची बाकी भरावी लागते, आणि ती जुन्या खतावणीतूनच यायची. खतावणी मागच्या सचिवाच्या घरी असेल तर संगणक झाकून ठेवण्यापलीकडे काय करणार!

दप्तर वेळेत द्यायला लावता येते, याचा दाखला मात्र शेजारीच आहे. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये निर्बंध घातले. ठेवीदाराला दहा हजारांच्या वर रक्कम काढता येईना. 5 जुलै 2023 ला बँकेचा परवानाच रद्द झाला. या पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांची झोप त्या दोन वर्षांत उडाली. अशा बँकांसाठी ठेव विम्याचा कायदा 2021 मध्ये बदलला होता. निर्बंध आले की 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांच्या दाव्यांची यादी ठेव विमा महामंडळाला द्यायची आणि निर्बंधांपासून 90 दिवसांच्या आत महामंडळाने पाच लाखांपर्यंतची रक्कम मोकळी करायची. बँक अवसायनात गेली तर अवसायकाने कारभार हाती घेतल्यापासून तीन महिन्यांत ठेवीदारांची यादी द्यायची. इथे ‘तक्रार करा, मग बघू’ नाही. घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होते. यादी कोणी, कोणाला, कधी द्यायची हे लिहिलेले आहे, आणि यादीच्या दुसऱ्या टोकाला लोकांचे पैसे बांधलेले आहेत. बँक बुडाल्याचे दुःख त्याने कमी होत नाही, पण दप्तर हवाली करण्याचा कायदा कसा लिहावा याचा धडा यात आहे. ग्रामपंचायतीच्या चार्जाला असे घड्याळ का लावता येऊ नये?

वऱ्हाडाला दप्तराची किंमत नव्याने शिकवायची गरज नाही. निजामाकडून 1853 मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 च्या 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. दर वेळी कागदांचे गाठोडे एका सरकारकडून दुसऱ्याकडे गेले. खेड्यात पाटील आणि पटवारी वतनदार होते आणि पटवाऱ्याचा बस्ता त्याच्या घरात असे. घर बदलले की बस्ता बदलला. तरीही या भागातली कोतवाल बुके बऱ्यापैकी टिकली. गावात कोण जन्मले, कोण वारले, बापाचे नाव काय, जात काय, हे कोतवालाने लिहून ठेवलेले. आज त्या पिवळ्या पानांवर घरोघरीची पोरे अवलंबून आहेत. जात पडताळणीला इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. मेडिकलचा प्रवेश असो की सरपंचपदाची राखीव जागा, पणजोबाच्या नावाची एक ओळ तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडली तर काम होते. कोण्या कोतवालाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेले पुस्तक पुढच्याला प्रामाणिकपणे दिले, त्याचे हे फळ आहे. त्याला कोणी परिपत्रक पाठवले नव्हते.

मराठवाड्याचे हाल बघितले म्हणजे फरक कळतो. निजामाच्या राज्याचे कागद हैदराबादेत राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तिला थेट हैदराबादपर्यंत जाऊन जुने दस्त मिळवावे लागले. राज्य पुनर्रचनेला तोवर 67 वर्षे होत आली होती. मोडी वाचणारे माणूस शोधा, उर्दू-फारसी वाचणारे शोधा, अशी धावपळ झाली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा वेगळा विषय. पण कागद जिथे लागतात तिथे ते वेळेवर पोचले असते तर वाद निदान कागदाच्या मजकुरावर झाला असता.

आता हे सगळे संगणकात आहे, दप्तर हरवण्याचा प्रश्नच उरला नाही, असे सांगणारे अधिकारी भेटतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळतो हे खरेच, आणि तो मोठा बदल आहे. पण संगणकाने चार्जाच्या यादीत एका नव्या वस्तूची भर घातली आहे: डोंगल. वित्त आयोगाचा पैसा आता सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षरीने खर्च होतो. ही स्वाक्षरी माणसाच्या नावाची असते, पदाची नाही. त्यामुळे ती पुढच्याच्या हवाली करणे हाच मुळात गैरप्रकार. जुनी नोंद रद्द करून नव्या माणसाची नोंद करायची असते. प्रत्यक्षात डोंगल आणि पासवर्ड संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतात. तो ड्रॉवर कोणत्या नमुन्यात लिहायचा?

मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी आग लागली आणि वरचे मजले जळाले. नंतर कित्येक फायली जिल्ह्यांतल्या कार्यालयांकडे असलेल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. वरचा कागद जळाला तरी खाली प्रत होती. गावाच्या प्रोसिडिंग बुकाची खाली प्रत कुठे असणार? गावाच्या खाली काही नाहीच.

माहिती अधिकाराने निदान एक पळवाट अरुंद केली. ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर कायद्यातल्या अपवादांत बसत नाही. एकेकाळी कार्यालयात असलेला कागद मिळत नसेल तर कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी ठरवावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले. तरी अर्जदाराला पहिले अपील, दुसरे अपील, माहिती आयोगाचे अमरावतीचे खंडपीठ असा प्रवास घडतोच. तेवढ्यात ताब्याची तारीख निघून जाते.

राज्यातल्या नगरपरिषदा जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती राहून डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा निवडून आलेल्यांकडे आल्या. जानेवारी 2021 मध्ये 14 हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचा कार्यक्रम झाला होता, त्यांची पाच वर्षे 2026 च्या सुरुवातीस भरतात. सरपंचाकडून प्रशासकाकडे, प्रशासकाकडून पुन्हा सरपंचाकडे, मध्ये ग्रामसेवकांच्या बदल्या. दप्तर एवढ्या हातांतून एवढ्या थोड्या दिवसांत क्वचितच फिरत असेल. गहाळ व्हायचे असेल तर ते याच दिवसांत होणार.

यावर करण्याजोगे बरेचसे बुलढाणा जिल्हा परिषदेच्या हातात आहे आणि त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. चार्जाची यादी विस्तार अधिकाऱ्याच्या समक्ष, नमुन्यांच्या क्रमाने, प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानाचा आकडा लिहून व्हावी. शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि रोकड वहीतली शिल्लक अक्षरात असावी. मिळाले नाही ते ‘मिळाले नाही’ असे लिहिल्याखेरीज नव्या माणसाची सही ग्राह्य धरू नये. जाणाऱ्याचे अंतिम वेतन प्रमाणपत्र, ज्याला कर्मचारी ‘एलपीसी’ म्हणतात, ते या यादीनंतरच निघावे. आजही ते अडवता येते. पण ते अडवले जाते कधी, तर साहेबाची मर्जी नसेल तेव्हा. तो नियम व्हावा, मर्जी नको. आणि यादी पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. जिथे डोंगल आहे तिथे जुन्या स्वाक्षरीची नोंद कोणत्या तारखेला रद्द झाली, ते यादीच्या तळाशी यावे.

ग्रामसभेत यादी वाचण्याला ग्रामसेवकांच्या संघटना हरकत घेतील, हे उघड आहे. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे, कपाटाला कुलूप नाही, पावसाळ्यात कार्यालय गळते, आणि वर ही हजेरी. त्यांची तक्रार खोटी नाही. म्हणूनच यादीत कुलूप आणि गळके छतही लिहायला मुभा असावी, म्हणजे वही भिजली तर ती कोणाच्या हाती भिजली हे कळेल. वडनेर भोलजीच्या किंवा चांदूर बिस्व्याच्या ग्रामसभेत एखाद्या म्हाताऱ्याने उठून ‘ते अमुक सालचे प्रोसिडिंग वाचले नाही तुम्ही’ म्हणून विचारले, तर ते उत्तर द्यायला जुना ग्रामसेवक अजून तालुक्यातच असेल.